पावसाळी रात्री गट कशासाठी?

२००७ साली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या १२०० किलोमीटरांच्या सायकलस्वारीला पावसाने झोडपले आणि कित्येकांना ती अर्धवट सोडावी लागली. आपल्याकडेही ६०० किलोमीटरांची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या मुदतीची लांब सायकलस्वारी, ४० तासांत पुरी करायची असते. त्यात रात्र टळत नाही आणि पावसाळ्यात पाऊसही. कोरड्या हवेत गटात पुढच्याच्या चाकामागे राहिले की वारा कमी लागतो, दम वाचतो. पावसात हाच फायदा अंगावर उलटतो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतात, पुढच्या चाकाचा चिखल डोळ्यांत उडतो, खड्डे पाण्याखाली लपतात.

मग एकट्यानेच जावे, असे कुणी म्हणेल. पण पंक्चर, बधिर बोटे किंवा डुलकी यांच्यापुढे एकटा स्वार हतबल होतो. शिवाय ट्रकचालकाला एकापेक्षा चार लाल दिवे ठळक दिसतात. दोष गटाचा नाही, अंतराचा आहे. म्हणून चार-पाच सायकलींइतकी जागा सोडावी, खड्डा दिसताच ओरडून सांगावे आणि वेग सर्वांत संथ स्वाराचा ठेवावा. यात वेळ जातो, हे खरे. पण ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, तिथे क्रमांक लागत नाहीत. मुदतीत पोहोचणे पुरेसे आहे आणि तेही धोक्याचे वाटले, तर थांबण्याचा निर्णय गटाने मिळून घ्यावा.