उचंत खात्यातील सहा मिती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विश्वरचनेवर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु ज्या विद्येवर जनतेच्या करातून खर्च होतो, तिचा हिशेब जमाखर्च शिकणाऱ्याने विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

लांबी, रुंदी, उंची आणि चौथा काळ, एवढ्याच मिती आपण जाणतो. स्ट्रिंग सिद्धान्त मात्र दहा मिती मागतो. उरलेल्या सहा कोठे आहेत? प्रत्येक बिंदूपाशी त्या अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या आहेत, असे उत्तर मिळते. जादा मितीची ही कल्पना कालुझा यांनी १९२१ साली मांडली आणि १९२६ मध्ये क्लाइन यांनी ती मिती गुंडाळून दाखवली.

पेडणे-डिचोलीकडच्या वाचकाला हे समजायला घुमट पुरे. मडके लहान-मोठे झाले, कातडे सैल-घट्ट झाले, मागच्या तोंडावरचा हात हलला, की नाद बदलतो. सिद्धान्ताप्रमाणे तंतूंचा नादही गुंडाळलेल्या मितींच्या आकारावर ठरतो, आणि तो नाद म्हणजेच निसर्गातील कण व बले. आता आरती चालू असतानाच मडके फुगू लागले तर? ताल राहील, पण नाद टिकणार नाही. त्याचप्रमाणे या मिती सैल सुटल्या तर निसर्गाचे नियमांकच बदलतील. शिवाय त्यांच्या आकारात साठलेली ऊर्जा आपल्या आकाशाला रिकाम्या जागेची ऊर्जा म्हणून जाणवेल आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवील.

१९९८ साली दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले की, हे प्रसरण मंदावत नसून वाढत आहे. मग मितींना जखडणारी आणि तरीही थोडी धन ऊर्जा शिल्लक ठेवणारी रचना हवी होती. ती २००३ साली कचरू, कॅलोश, लिंडे व त्रिवेदी यांनी सुचवली. यांतील संदीप त्रिवेदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील. म्हणजे हा विषय केवळ परदेशचा नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर हे याच सिद्धान्ताचे अभ्यासक. ते २०१९ मध्ये इटलीतील त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले.

आता हिशेब. अशा रचना एकावर पाचशे शून्ये इतक्या असू शकतात, असा अंदाज केला जातो. कोणतीही रक्कम घातली तरी जुळणारी तेरीज कोणता हिशेबनीस मान्य करील? उलट २०१८ मध्ये वाफा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी शंका मांडली की, स्थिर धन ऊर्जेची एकही रचना या सिद्धान्तात बसत नसावी. ऊर्जा हळूहळू बदलतच असली पाहिजे. या वादावर अद्याप पडदा पडलेला नाही. परंतु येथे प्रथमच तपासनीस दारात उभा राहतो. डेसी या आकाशसर्वेक्षणाच्या २०२५ मधील निष्कर्षांत ही ऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे संकेत आहेत. ते संकेतच आहेत, सिद्धता नव्हे.

म्हणून माझे मत असे की, तेरीज जुळेपर्यंत फरक जसा आपण उचंत खात्यात ठेवतो, तसा हा सिद्धान्त ठेवावा. तो आमच्या पुराणांत आधीच होता म्हणून मिरवू नये, आणि पोट भरत नाही म्हणून हिणवूही नये. मात्र उचंत खाते कायमचे उघडे राहत नाही, हे शास्त्रज्ञांनीही विसरू नये.

आणि हा हिशेब आमच्या भाषांत मांडला जावा. जुन्या हुंडीवर मिती म्हणजे तिथी. विज्ञानाने त्याच शब्दाला नवा अर्थ दिला. कन्नडमध्ये तिला आयाम म्हणतात, आणि तो शब्द मराठीलाही परका नाही. शब्द दोन्हीकडे तयार आहेत. आमच्या प्राध्यापकांनी ते वापरावेत, आणि या अंकाच्या दोन्ही विभागांत दरवर्षी विज्ञानावरचा एक तरी लेख यावा. समजलेच नाही, त्याला प्रश्न कोण विचारणार?