केसपेपरवरची एक ओळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. वीस हजारांचा मूळ हप्ता भरणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला ३,६०० रुपये वाचले, निदान कागदावर तरी. कंपन्यांना आता इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो भार पुढेमागे मूळ हप्त्यात येणारच नाही असे नाही. नोकरीच्या ठिकाणच्या गट विम्याला ही सूट नाही. पण विमा स्वस्त झाला म्हणून पहिल्यांदाच पॉलिसी घेणाऱ्यांचा खरा प्रश्न हप्त्याचा नसतो. तो उभा राहतो रुग्णालयात, दावा करताना.

हा प्रसंग अनेक घरांत घडतो. छातीत दुखू लागले म्हणून रुग्णाला रात्री दाखल केले जाते. निवासी डॉक्टर भराभर विचारतात, ‘शुगर किती वर्षांपासून?’ घाबरलेला मुलगा म्हणतो, ‘असेल पाच-सहा वर्षांपासून.’ केसपेपरवर ओळ उमटते: मधुमेह, सहा वर्षे. पॉलिसी मात्र चार वर्षांपूर्वीची आणि प्रपोजल फॉर्मवर ‘मधुमेह नाही’ असे लिहिलेले. दावा नाकारायला एवढे पुरते.

इथे वैद्यकशास्त्र काय सांगते, हे पाहायला हवे. टाइप टू मधुमेह अनेकदा कित्येक वर्षे लक्षणांशिवाय शरीरात असतो. एचबीए१सी ही तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. सहा वर्षांपूर्वी काय होते, हे त्यातून कळत नाही. म्हणजे जुने रिपोर्ट किंवा औषधाची चिठ्ठी नसेल, तर ‘सहा वर्षे’ हा केवळ नातेवाइकाचा अंदाज असतो. नियमही याच अंगाने जातो. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतले, तोच ‘आधीपासूनचा आजार’. नकळत अंगात असलेला आजार लपवला, असे म्हणता येत नाही. म्हणून दाखल होताना नक्की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असेच सांगावे. चुकीची नोंद झालीच, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्याच वेळी लेखी दुरुस्ती करून घ्यावी. डिस्चार्जनंतर हे काम फार अवघड होते.

उलट बाजूही तितकीच खरी. रक्तदाबाची गोळी रोज सुरू असताना ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सांगणारे एजंट कमी नाहीत. फॉर्मवर सही ग्राहकाची असते, एजंटाची नव्हे. आजार सांगितला तर त्यासाठी थांबावे लागते, पण २०२४ च्या नियमांनी ही प्रतीक्षा चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. सांगूनही कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच तो नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विमा रक्कम मधेच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरती मोजणी नव्याने सुरू होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

दावा मंजूर होऊनही खिसा रिकामा होतो तो खोलीभाड्याच्या अटीमुळे. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, असे समजा. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, तर चार दिवसांचे जादा १२,००० रुपये जातील, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च हेही पाच-अष्टमांश या प्रमाणात कापले जातात. हा खर्च १,२०,००० असेल तर मिळतात ७५,०००. एकूण ५७,००० रुपये पदरचे. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला ही कात्री लावता येत नाही, पण बिल तपासून हे विचारणारा कोणी हवा.

डिस्चार्जच्या दिवशीची ताटकळही ठरलेली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि अंतिम मंजुरी डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. त्यामुळे रुग्णालयाने विनंती किती वाजता पाठवली, ती वेळ लिहून ठेवणे उपयोगाचे ठरते.

दावा नाकारला तर पॉलिसीतील नेमकी कोणती अट लागू केली, हे लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तीस दिवसांत तो पाळला नाही, तर तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये दंड द्यावा लागतो.