संत्र्याला जे मिळतं

निबंध तपासायला मला बोलावू नका, हे याच सदरात मी एकदा नाही, चांगलं ठणकावून लिहिलं आहे. तरी बोलावतात. 2 डिसेंबरला, भोपाळच्या वायुकांडाच्या स्मृतीत, राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन असतो. त्यानिमित्तानं चांदूर बाजारच्या बाजूच्या एका शाळेनं स्पर्धा घेतली आणि गठ्ठा माझ्या पुढ्यात आणून टाकला. विषय अर्थातच 'प्रदूषण : एक समस्या'.

सगळ्या निबंधांत दिल्ली होती. दिल्ली नसेल तिथं मुंबई. ओझोनच्या थराला भोक प्रत्येकानं पाडलेलं आणि ताजमहाल इतक्या जणांनी पिवळा केलेला, की एकाच गाइडवर अख्खा वर्ग बसला होता हे सांगायला ज्योतिषी नको. मी शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसून हे वाचत होतो. खिडकीतून विटांची भट्टी दिसत होती, तिच्या पलीकडे जिनिंग, आणि मधल्या कच्च्या रस्त्यानं गिट्टीचे टिप्पर चाललेले. टेबलावर बोटानं रेघ मारली तर लाकडाचा रंग दिसे. निबंधांत मात्र यातलं काही नाही.

नाही म्हणायला एक होतं. आठवीतल्या मुलीनं मध्येच लिहिलं होतं, 'आमच्या वर्गात दुपारी खिडक्या लावतात, नाहीतर डबा फुंकून खावा लागतो.' त्यावर बाईंनी लाल शाईची रेघ मारून समासात 'विषयांतर' असा शेरा दिलेला. मी तिलाच पहिला नंबर दिला. बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता माहितीचा रतीब एकदाच घालतो. केंद्र सरकारनं 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्या यादीत आपली अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. पीएम 2.5 म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ. तिची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 15 म्हणते. वजनाच्या मानानं लेकरं मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात, आणि पळताना तर तोंडानं ओढतात. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की धूर वर चढत नाही, खालीच पसरतो. जिनिंगचा हंगाम, भट्ट्यांचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र, तिन्ही दिवाळीनंतर एकदमच सुरू होतात. त्या दिवशी परिपाठात पीटीचे सर माइकवरून सांगत होते, "दीर्घ श्वास घ्या... रोखून धरा." माझं इन्हेलर वाचकांच्या ओळखीचं आहे. मी खिशात हात घालून उभा राहिलो.

मुख्याध्यापकांना म्हटलं, तक्रार करा की. ते म्हणाले, "काय लिहू सर? कोणी चक्कर येऊन पडलं नाही, कोणाले दवाखान्यात नेलं नाही."

त्यांचं खरं आहे. 12 डिसेंबर 2024 ला रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला बंदराजवळच्या शाळेतली मुलं मळमळ आणि डोळ्यांची आग होऊन रुग्णालयात गेली, तेव्हा राज्यभर बातमी झाली. वायूच्या टाकीतून इथाइल मर्कॅप्टन सुटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून हेच मुद्दाम त्यात घालतात. म्हणजे तिथं निदान वास तरी सुटला. आमच्या धुळीला वास नाही. ती रोज थोडी थोडी येते आणि पोरगं खोकलं की आई म्हणते, वातावरण बदललं.

असो. मला सांगायचं होतं ते संत्र्याचं.

विटांच्या भट्ट्यांसाठी केंद्रानं फेब्रुवारी 2022 मध्ये नियम काढले. भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान 800 मीटर लांब हवी, असं त्यात आहे. वाचून मी खूश झालो. म्हटलं, दिल्लीत बसून कोणाला तरी आमचा संत्रा आठवला. हे घेऊन मी भट्टीवाल्याकडे गेलो. गडी हुशार. चहा पाजला आणि म्हणाला, "काकाजी, शाळेत रातच्याले कोणी झोपते काय? मंग थे वस्ती कशी?" बरं, शाळा गावापासून फटकून आहे, गावानंच तशी बांधली, जागा दान मिळाली म्हणून.

आणि हाच भट्टीवाला त्याच रस्त्यावरच्या बागाईतदाराला मात्र वचकून असतो. मागे टिप्परची धूळ बागाईतदाराच्या अंबिया बहाराच्या फुलांवर बसायला लागली, तर तो पठ्ठ्या थेट तहसीलवर. फुलं गळतात, पानं माखली की झाड दमतं, नुकसानभरपाई कोण देते, असा रस्त्यात उभा राहून हिशेब मांडला. लगेच रस्त्यावर टँकरनं पाणी मारणं सुरू. बागेच्या धुऱ्यापर्यंतच, हं. बाग संपली की टँकर वळतो. शाळा त्याच्या पुढं आहे.

मी बागाईतदाराला विचारलं, भाऊ, तुमचा नातू त्याच शाळेत आहे ना? तो म्हणाला, "हाव ना जी. पण पोट्ट्याचा भाव व्यापारी थोडीच ठरवते?" आणि हसला. माणूस वाईट नाही. झाडाचं नुकसान त्याला किलोत सांगता येतं, नातवाचं कशात सांगणार?

हे सगळं मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कपाटातून शाळेच्या जागेचा सातबारा काढला आणि गंभीरपणे विचारलं, "सर, कंपाउंडच्या कडेनं संत्र्याची कलमं लावली तर किती झाडांना बाग म्हणतात?" मी म्हटलं, तलाठ्याला विचारा. त्यांनी फोन लावला. तलाठी म्हणाला, आधी लावा, ई-पीक पाहणीत फोटो टाका, मग बघू.

शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून कलमं कधी आणायची, एवढंच आता ठरायचं आहे.