द्राक्षाला थांबणं परवडत नाही

नाशिकची द्राक्षं पॅकहाउसमध्ये थंड होऊन रीफर कंटेनरमध्ये चढली, की पुढचा प्रत्येक दिवस मोलाचा. युरोपचा सागरी प्रवास काही आठवड्यांचा. त्याआधीच एखाद्या कागदापायी कंटेनर न्हावाशेवाला अडकला, तर देठ सुकतो, भाव पडतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळतं. बांधावर कमावलेली स्पर्धा बंदराच्या फाटकावर हरते.

नाशवंत मालाची तपासणी आणि सुटका प्राधान्याने व्हावी, असं जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार सांगतो. तो २०१७ मध्ये लागू झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. आपल्याकडे अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीने बागेची नोंदणी, औषधांच्या उर्वरित अंशांचा तपासणी अहवाल आणि निर्यातीची पेटी त्याआधीच एका साखळीत जोडली होती. नियम सैल न करताही काम सोपं करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. या अंकातले लेख हाच धागा पुढे नेतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. बागायतदाराने फवारणीची वही चोख ठेवावी. आणि एकदा दिलेली माहिती दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्याने त्याच्याकडे पुन्हा मागू नये.