नेस्मिथांचे दप्तर

मैदानावर उभे राहून मुले घडविणारा शिक्षक पुढे क्रीडाविभागाचा अधिकारी झाला, शिट्टीच्या जागी त्याच्या हाती शिक्का आला, आणि त्याच्या संध्याकाळी अर्ज, मंजुरी, प्रवासभत्ता नि जमाखर्च यांत जाऊ लागल्या, म्हणजे त्याच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याची आपल्याकडे रीत आहे. चांगला माणूस होता, पण दप्तरात अडकला, असे म्हणून त्याचे जुने विद्यार्थी उसासा टाकतात. आणि त्या उसाशामागे एक समजूत गृहीत असते की, खेळ म्हणजे जे काही आहे ते सारे चुन्याच्या रेषांच्या आत घडते, आणि रेषांच्या बाहेर जे घडते तो नुसता कागदी कारभार होय. ही समजूत मला मान्य नाही. कोणी खेळावे आणि कोणी खेळू नये याचा निर्णय रेषांच्या आत कधीच होत नाही. तो आधीच, दप्तरात, कोणाच्या तरी सहीने झालेला असतो.

काटोलसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण येथे प्रशिक्षक आणि अधिकारी ही दोन माणसे नसतातच. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक या हुद्द्यावर असलेला एकच गृहस्थ सकाळी मुलांना लेअप शिकवितो, दुपारी प्रवेशिका आणि पात्रतेची प्रमाणपत्रे भरतो, आणि रात्री एखाद्या पालकाच्या ओसरीवर जाऊन बसतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम आणि आंबिया बहाराची संत्री तोडणीला येण्याचा काळ आमच्या भागात बहुधा एकत्रच येतात, घरात प्रत्येक हाताला काम असते, आणि अशा वेळी मुलीला सामन्यासाठी पाठवा असे म्हणणाऱ्या शिक्षकाला बाप शांतपणे एवढेच विचारतो, "सर, पोरगी नागपूरले जाईन, पन सांजच्या गाडीनं वापस येईन का?" या प्रश्नाचे उत्तर झोन डिफेन्सच्या ज्ञानात नाही. ते उत्तर बसच्या वेळेत, सोबत जाणाऱ्या बाईंच्या नेमणुकीत आणि मुक्कामाच्या खर्चाला वेळेवर मिळणाऱ्या मंजुरीत आहे. म्हणजेच ते कारभारात आहे.

ज्या पुरुषाने बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला त्याच्याच चरित्रातून हा मुद्दा सर्वांत उत्तम उमगतो. डॉ. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडातील अल्मॉन्ट या गावी झाला, नऊ वर्षांचे होण्याच्या सुमारास आईबाप विषमज्वराने गेले, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी पदवी घेतली, पुढे धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे केले, आणि धर्मोपदेशक होण्याऐवजी व्यायामशिक्षक होण्याचे ठरविले. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, हिवाळ्याच्या कवायतीला विटलेल्या अठरा विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी चौदा दिवसांत एखादा नवा खेळ शोधून काढा, अशी आज्ञा त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी केली. आणि जमिनीपासून दहा फुटांवर असलेल्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून नेस्मिथांनी ती पार पाडली. त्यांनी लिहिलेल्या तेरा नियमांत दोन पंच आहेत, कर्णधार आहेत, चेंडू कसा धरावा आणि धक्काबुक्कीला शिक्षा कोणती हे सारे आहे. प्रशिक्षक मात्र कोठेच नाही. खेळाडूने स्वतः विचार करून खेळावे, बाहेरून कोणी त्याला हलवू नये, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

अशा मनुष्याला नियतीने प्रशिक्षकाच्याच जागी नेऊन बसविले. डेन्व्हर येथे वैद्यकाची पदवी मिळवून १८९८ साली ते कान्सास विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांच्याकडे प्रार्थनामंदिराची व्यवस्था आणि शारीरिक शिक्षण ही कामे होती. बास्केटबॉलचा संघ त्यांच्याबरोबर आपोआपच आला. १८९९ च्या फेब्रुवारीत तो संघ पहिला सामना खेळला आणि हरला. १९०७ पर्यंत नेस्मिथ त्याचे प्रशिक्षक होते, आणि त्या काळातील हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. कान्सास हे पुढे या खेळाचे महापीठ झाले. तेथील प्रशिक्षकांच्या मालिकेत ज्याच्या नावे जयापेक्षा पराजय अधिक आहेत असा एकच मनुष्य निघतो, आणि तो खेळाचा जनक आहे. मला या आकड्यांत लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. जय मिळविण्याचे शास्त्र त्यांच्याच संघात खेळलेल्या फॉरेस्ट ॲलन याने सिद्ध केले, आणि गुरूंनी ती जागा त्याला निर्वेधपणे मोकळी करून दिली.

ती जागा सोडल्यानंतरच, माझ्या मते, नेस्मिथांचे खरे कार्य सुरू झाले. विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचा कारभार कित्येक वर्षे प्रत्यक्षात तेच पाहत होते, आणि १९३७ साली निवृत्त होईपर्यंत शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले. विद्यार्थ्यांच्या उंचीची, छातीची, श्वासाची मोजमापे घ्यावी, त्यांना कुस्ती आणि तलवारबाजी शिकवावी, संघात निवड न झालेल्या सामान्य मुलाच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे, असे ते काम होते, आणि वर्तमानपत्रांत त्याची बातमी होत नसे. आपल्या खेळापासून त्यांनी पैसा मिळविला नाही. १९१७ साली महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेला ते गेले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

१९३३ साली कान्सासमध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकण्यास आला. त्याला बास्केटबॉलचे अक्षरशः वेड होते, आणि त्या विद्यापीठाच्या संघात त्याच्या वर्णाच्या मुलास प्रवेश नव्हता. तो नेस्मिथांकडे गेला, कारण बापाने त्याला तसेच बजावून पाठविले होते. आणि नेस्मिथांनी त्याला आपला विद्यार्थी म्हणून पत्करले. संघाचे दार ते उघडू शकले नाहीत. त्या वेळी विभागाची सूत्रे ॲलनकडे होती, रूढी प्रबळ होती, आणि कान्सासच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५१ साल उजाडेपर्यंत आला नाही. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. परंतु जे दार त्यांच्या स्वतःच्या अखत्यारीत होते ते त्यांनी पूर्ण उघडले: आपल्या वर्गात त्याला बसविले, खेळाचे मर्म त्याच्याशी बोलून उलगडले, आणि शिक्षक होण्यासाठी जो अनुभव गाठी असावा लागतो तो त्याला मिळेल अशी तजवीज केली. पोहण्याचा तलाव कृष्णवर्णीयांस बंद होता. मॅक्लेंडनने तो प्रश्न नेटाने लढविला आणि ती बंदी मोडून काढली. १९३६ साली शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारा तो त्या विद्यापीठातील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला.

ज्याला एकही सामना खेळू दिला गेला नाही, त्या मुलाने पुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे. डरहॅम येथील नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात तो प्रशिक्षक झाला आणि चेंडू हाती येताच सर्व बाजूंनी धाव घेण्याची जी वेगवान पद्धती आज शाळकरी मुलेही खेळतात, तिला त्याने शिस्तबद्ध रूप दिले. १९४४ च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील श्वेतवर्णीय खेळाडूंचा संघ त्याच्या मुलांशी दारे बंद करून खेळला, कारण त्या राज्यात असा सामना कायद्याविरुद्ध होता. आणि त्याच्या मुलांनी तो ८८-४४ असा जिंकला. टेनेसी स्टेटच्या संघासह त्याने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट या बहुसंख्य श्वेतवर्णीय विद्यापीठाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले, आणि तशा नेमणुकीचे ते पहिले उदाहरण होते. नेस्मिथांच्या ६० पराभवांचा हिशेब ज्यांना मांडावयाचा असेल त्यांनी हे विजय त्यांच्या खात्यात जमा केल्यावाचून तो पुरा करू नये.

१९३६ सालची आणखी एक गोष्ट आम्हां वऱ्हाड-नागपूरच्या लोकांना जवळची आहे. त्या वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांतून पै-पैसा गोळा करून वृद्ध नेस्मिथांना तेथे पाठविले. मातीच्या टेनिस कोर्टांवर, पावसाने चिखल झालेला असताना अंतिम सामना झाला. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले, आणि जन्मभूमी व कर्मभूमी या दोहोंच्या खेळाडूंना नेस्मिथांनी स्वहस्ते पदके दिली. त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने, आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डी जगाला दाखवीत होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या एका आखाड्यातील तरुण समुद्र ओलांडून तेथे पोहोचले, यामागे त्यांच्या अंगातील बळ होते हे खरेच. पण वर्गणी जमविणारे, पत्रव्यवहार करणारे, परवाने मिळविणारे आणि तिकिटांचा हिशेब ठेवणारे हातही होते, आणि त्या हातांची नावे आपण लक्षात ठेवीत नाही.

आपल्या देशातील क्रीडासंघटनेचा पाया अशाच उभयविध माणसांनी घातला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला व्यायामशिक्षकांचे विद्यालय काढले आणि १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी खेळाडूंची जबाबदारी घेतली. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवलीस निघालेल्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हे १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचा जो हुद्दा आहे, तो या परंपरेचा वंशज आहे.

कान्सासच्या वंशवेलीवरील एका फांदीकडे मात्र मला पुन्हा वळले पाहिजे. ॲलनच्या हाताखाली ॲडॉल्फ रप नावाचा खेळाडू तयार झाला, तो केंटकी विद्यापीठाचा विख्यात प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या संघाचे दार कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी चार दशके बंद राहिले. या रपच्या १९५१ च्या अजिंक्य संघात सी. एम. न्यूटन हा तरुण होता. न्यूटन पुढे अलाबामाचा प्रशिक्षक झाला, आणि वेंडेल हडसन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याने १९६९ साली शिष्यवृत्ती देऊन तेथे आणले. त्या विद्यापीठाच्या क्रीडाविभागात असे पूर्वी कधीच घडले नव्हते. १९८९ साली केंटकीने आपल्या या जुन्या खेळाडूला क्रीडासंचालक म्हणून परत बोलाविले, तेव्हा तेथील विभाग नियमभंगाच्या आरोपांनी पुरता बदनाम झालेला होता. न्यूटनने तो सावरला, आणि १९९७ साली, ज्या बाकावर रप एकेचाळीस वर्षे बसला त्याच बाकावर टबी स्मिथ या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाची नेमणूक केली. पुढच्याच वर्षी केंटकीने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. न्यूटनने प्रशिक्षक म्हणून पाचशेहून अधिक सामने जिंकले होते, तरी त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्याने टेबलापाशी बसून, एका नेमणुकीच्या कागदावर केले असे मला वाटते. आणि तो कागद लिहिण्याचे धैर्य त्याच्या अंगी आले ते मैदानात हडसनचा खेळ आणि त्याची सोशीकता अगदी जवळून पाहिली होती म्हणून, असेही मला वाटते.

आमच्याकडील दारे निराळी आहेत. वर्णाची फळी येथे नाही, पण अंधार पडण्याची वेळ आहे, एस.टी.ची शेवटची गाडी आहे, बुटांची किंमत आहे, आणि दहावीनंतर मुलीने खेळणे शोभत नाही अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत आहे. विद्यापीठाच्या संघात निवड होऊन कलर होल्डर झालेली मुलगी गावात परत येते तेव्हा तिचे कौतुक होते, आणि ते व्हावेच. पण तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या आणि वाटेत गळालेल्या मुली कोणत्या कारणाने गळाल्या याची नोंद ज्या वहीत असावयाची ती वही संचालकाच्या दप्तरातच असू शकते, कारण प्रत्येकीच्या ओसरीवर तोच एकटा जाऊन आलेला असतो. म्हणून त्या खुर्चीवर मैदानातून आलेलाच माणूस असावा, आणि ती जागा रिकामी पडली असता तासिकेवर कोणाला तरी बोलावून वेळ मारून नेऊ नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. निवडसमितीने उमेदवाराच्या पदकांची यादी अवश्य पाहावी. पण त्याच्या हाताखाली खेळावयास आलेली, आणि त्याच्या खटपटीवाचून जिला येताच आले नसते, अशी एखादी मुलगी किंवा मुलगा त्याला सांगता येतो काय, हेही त्याला विचारावे. येत्या सत्राचे वेळापत्रक लागण्यापूर्वी मुलींच्या सरावाला कोर्ट दिवसाउजेडी मिळावे, आणि नागपूरच्या सामन्यांना त्यांच्यासोबत एक शिक्षिका जाईल असे पालकांना आधीच लेखी कळवावे, एवढ्या दोन गोष्टींसाठी काटोलच्या नागरिकांनी आपापल्या ओळखीच्या संस्थाचालकांकडे शब्द टाकावा. मी या आठवड्यात टाकणार आहे.