पावतीचं नाव अडतं कुठे?

डिलाईल रोडवरच्या एका मंडळाच्या वर्गणीचं पान तिथल्याच एका मुलाने बनवलंय. पान एका डोमेनवर, पावत्या बनवणारा सर्व्हर दुसऱ्या. सर्व्हर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ हेडरमध्ये फाइलचं नाव धाडतो. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ते ढळढळीत दिसतं. स्क्रिप्टने मागितलं की मिळतं ‘नल’, आणि वर्गणीदाराच्या फोनवर उतरते ‘डाउनलोड.पीडीएफ’. यावर त्याला या आठवड्यात सल्ला मिळाला: कॉर्स बंद करणारं एक्स्टेंशन टाक. असले सल्ले ऐकून माझं डोकं फिरतं. एक्स्टेंशनने कुलूप तुटतं ते त्याच्या एकट्याच्या ब्राउझरचं. वर्गणीदारांना पावती मिळायची तशीच मिळणार.

एका डोमेनच्या पानाला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू न देण्याचा ब्राउझरचा नियम म्हणजे सेम-ओरिजिन; सर्व्हरच्या परवानगीने तो सैल करण्याची रीत म्हणजे कॉर्स. पण तशी परवानगी असली तरी परक्या डोमेनच्या उत्तरातले सातच हेडर स्क्रिप्टला आपसूक वाचता येतात. कंटेंट-टाइप, कॅश-कंट्रोल, लास्ट-मॉडिफाइड त्यांतलेच. कंटेंट-डिस्पोझिशन त्यांत नाही.

आता शेजारी ‘सेट-कुकी’ ठेवून बघा. स्क्रिप्टला तोही मिळत नाही, म्हणून दोन्ही अडचणी एकच वाटतात. पण कंटेंट-डिस्पोझिशनची किल्ली सर्व्हरकडे आहे: ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स’मध्ये त्याचं नाव लिहिलं की तो वाचता येतो. सेट-कुकीची किल्ली कुणाकडेच नाही. सर्व्हरने नाव लिहिलं तरी नाही, पान त्याच डोमेनचं असलं तरी नाही. तुमचं लॉगिन त्या कुकीवर चालतं. पानात घुसलेल्या चोरट्या स्क्रिप्टला ती वाचता आली, तर एचटीटीपी-ओन्ली कुकीला अर्थच उरणार नाही. पहिली मनाई परवानगीने उठते, दुसरी उठूच नये. एक्स्टेंशन सुचवणाऱ्याला हा फरक कळलेला नाही.

त्या मुलाला सर्व्हरवर एक ओळ वाढवायची आहे. तिथे ‘सगळे हेडर’ म्हणून नुसती तारांकित खूण टाकू नये; कुकीसह मागणी असेल तर ती चालत नाही.

माझी खरी तक्रार ब्राउझरवाल्यांशी आहे. जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टने असा हेडर मागितला तर क्रोम कन्सोलमध्ये नकार छापतो. नवं ‘फेच’ मुकाट्याने नल देतं. हेडर आलाच नाही की दाखवायला मनाई आहे, शिकणाऱ्याने ओळखायचं कसं?

आणि माझा एक आग्रह: त्या फाइलचं नाव ‘पावती’च राहू द्या, रोमन लिपीत नको. हेडरमध्ये देवनागरी टक्क्यांच्या चिन्हांत बांधून पाठवावी लागते, पाच संकेतांकांची ‘पावती’ ४५ अक्षरांची होते. पण तिची रीत आरएफसी ६२६६ मध्ये २०११ पासून लिहिलेली आहे. स्क्रिप्टने नाव वाचल्यावर ती चिन्हं उलगडायची, म्हणजे वर्गणीदाराच्या फोनवर ‘पावती.पीडीएफ’ उतरेल.