दारे उघडी असतानाच

मुंबईत कॅमेरा घेऊन निघालेला माणूस बोरीबंदरला थांबतोच. थांबावे अशीच ती वास्तू आहे. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींनाही तो मान मिळाला. त्यांचे फोटो उदंड आहेत.

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींचे तसे नाही. १९२० च्या दशकातल्या या चाळींच्या जागी आता टॉवर उठत आहेत. १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, याचा आनंदच मानायला हवा. पण उरलेल्या चाळी पाडण्याआधी त्या नीट टिपायला काय हरकत आहे?

टिपताना मात्र एक पथ्य पाळावे. भव्य इमारतीचा फोटो माणसे टाळून, भल्या सकाळी काढतात. चाळीचा तसा काढला, तर हाती लागेल नुसता अंधारा पॅसेज. संध्याकाळी दोन्ही बाजूंची दारे उघडतात, कॅरम मांडला जातो, निवडायची भाजी बाहेर येते आणि त्याच पॅसेजचा दिवाणखाना होतो. चाळ म्हणजे हेच. तेव्हा घरच्यांना विचारून, माणसांसकट फोटो काढा. मागे चाळीचा क्रमांक आणि तारीख लिहा. एक प्रत त्या घरी द्या. नव्या भिंतीवर तिला जागा मिळेल.